भुऱ्याच्या जटा: भादरण्यापासून फणी सरळ फिरेपर्यंत

भुऱ्या, आत्याचा कुत्रा, आमच्याकडे आला 23 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी, चोपड्याहून, भावाच्या गाडीच्या मागच्या सीटवर. आत्या घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा मुलगा तिला नाशिकला घेऊन गेला. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्र्याची सोय नव्हती. भुसावळला आमचं घर तळमजल्यावर, पुढे ओटा, मागे न्हाणीघर, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. सहा वर्षांचा ल्हासा ॲप्सो. मुळात तिबेटच्या थंडीतली जात, आणि राहायचं कुठे, तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या भुसावळात.

आत्याने त्याला जिवापाड सांभाळलं होतं. दर रविवारची आंघोळ तिने कधी चुकवली नाही. पण खुबा दुखायला लागल्यापासून तिला खाली बसून त्याचे केस विंचरणं जमत नव्हतं, आणि ते कोणाला सांगायचा तिचा स्वभाव नाही. वरून तो गुबगुबीत, छान दिसायचा. पाठीवरून हात फिरवला की मात्र कळायचं, बोटं कातडीपर्यंत पोचतच नाहीत. मध्ये एक सलग थर होता. बगलेत, कानांमागे, मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याच्या घट्ट गाठी झाल्या होत्या. चालताना तो मागचा पाय जरा बाहेर फेकायचा. आम्हाला वाटलं संधिवात असेल. नंतर कळलं, मांडीवरची जट पोटाच्या जटेला जोडली गेली होती आणि पाऊल टाकलं की कातडी ओढली जात होती.

एवढ्या आंघोळी होऊनही असं का झालं, तर त्या आंघोळींमुळेच. लांब केसांच्या पुष्कळ कुत्र्यांना दोन थर असतात. वरचे लांब केस आणि आतली मऊ लव. ल्हासाची गळलेली लव पॉमेरियनसारखी घरभर उडत नाही, ती वरच्या केसांतच अडकून राहते. विंचरून काढली नाही आणि वर पाणी पडलं, की ती आवळत जाते. सुकली की आणखी घट्ट. पुढच्या रविवारी पुन्हा पाणी. हे मला नंतर जळगावच्या डॉक्टरांनी समजावलं, आणि पुढचं सगळं वर्ष त्या एका गोष्टीभोवती फिरलं: आधी फणी, मग पाणी.

सोमवार-मंगळवार त्याला घराची सवय होऊ दिली. बुधवारी महाशिवरात्रीची सुट्टी. म्हणून गुरुवारी, 27 तारखेला सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. आमच्यापुढे एक म्हैस खोड्यात उभी होती आणि पोट फुगलेल्या दोन शेळ्या होत्या. केसपेपर काढताना मालकाचं नाव विचारलं. लसीच्या पुस्तकात आत्याचं नाव, पत्ता चोपड्याचा, कुत्रं भुसावळात. खिडकीतल्या माणसाने केसपेपर माझ्या नावाने केला आणि पुस्तकावरही नाव बदलून घ्या म्हणाला. तुमच्याकडेही असं दुसऱ्याचं कुत्रं आलं असेल तर हे पहिल्याच दिवशी करा. ग्रूमिंगवाले (कुत्र्यांचे केस-नखं कापून देणारे), रेल्वे, बोर्डिंग (कुत्र्यांना काही दिवस ठेवून घेणारे), सगळे तेच पुस्तक मागतात आणि नाव जुळलं नाही की प्रश्न सुरू होतात. रेबीजची शेवटची लस डिसेंबर 2023 ची निघाली, म्हणजे वर्ष उलटून गेलेलं.

डॉक्टरांनी कानामागे हात घालून बघितलं आणि म्हणाले, "ताई, केसांचं नंतर बघू, आधी कातडी बघायला पाहिजे. ती दिसतच नाहीये." ताप होता, 103.4. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्तच असतं, 101 ते 102.5, त्यामुळे 101 बघून घाबरू नका. 103 च्या पुढे गेलं तर मात्र बघायला हवं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की या जटा विंचरणं म्हणजे जनावराचा छळ आहे. भूल देऊन भादरावं लागेल, तेवढी सोय इथे नाही, जळगावला लहान जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. तसं केसपेपरवर लिहूनही दिलं. लस ताप उतरल्यावर.

संध्याकाळी जळगावच्या दोन ग्रूमिंगवाल्यांना फोन केले. पहिला म्हणाला, "आणा, तासाभरात साफ करून देतो, बाराशे रुपये." दुसरीने आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले, मग लसीचं पुस्तक मागितलं, ताप आहे का विचारलं आणि म्हणाली, "हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. केस वाढले की या." त्या दोन फोनवरून मी ठरवलं की पुढे जायचं तर त्या दुसऱ्या बाईंकडेच.

शेजारच्या काकांनी मनापासून उपाय सुचवला: त्यांच्या ओळखीचा दाढी-कटिंगवाला झिरो मशीन घेऊन घरी येईल. माणसाचं मशीन या केसांत अडकतं, तापतं, आणि कातडी भाजू शकते. कात्री त्याहून वाईट. जटेसोबत कातडी वर ओढली गेलेली असते, आपल्याला वाटतं आपण केस कापतोय आणि कापली जाते कातडी. कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे टाके घालायला येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात म्हणे.

आता जळगाव. नवरा रेल्वेत, त्यामुळे पहिला विचार गाडीचाच. त्याने पार्सल ऑफिसात विचारून घेतलं. कुत्रं साध्या डब्यात सोबत नेता येत नाही. एकतर फर्स्ट एसीचा कूपे (दोन बर्थचा बंद कप्पा), नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि दोन्हीला बुकिंग व लसीचा दाखला. आमचा दाखला संपलेला. नशिराबादमार्गे पंचवीसेक किलोमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणून ओळखीची रिक्षा केली. जाऊन-येऊन थांबण्यासकट 700 रुपये. अट एकच, सीटवर गोणपाट टाकायचं.

शनिवारी 1 मार्चला डॉक्टरांनी तपासलं. फी 400, रक्ततपासणी 1,100. भूल देण्याआधी लिव्हर, किडनी आणि प्लेटलेट बघणार म्हणाले. आपल्या भागात गोचीड फार, आणि गोचीड तापात प्लेटलेट उतरतात. त्या उतरलेल्या असताना भादरताना एखादी जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. रिपोर्ट सोमवारी आला. प्लेटलेट 1 लाख 10 हजार, जिथे दोन लाखांच्या वर हव्या होत्या. म्हणजे भादरणं पुढे ढकललं. गोचीड तापावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या, पूर्ण 28 दिवसांच्या. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, वरून पाणी पाजायचं आणि दुधासोबत तर मुळीच नाही, कारण दुधाने औषधाचा जोर कमी होतो. भुऱ्याला आत्याची सवय दूध-भाकरीची. तो ताटलीपाशी बसून माझ्याकडे बघत राहायचा आणि मी भाताचा गोळा करून त्यात गोळी लपवायचे.

हा मधला आठवडा सगळ्यात जड गेला. त्याला दुखतंय हे आता माहीत झालं होतं आणि हात लावता येत नव्हता. रोज संध्याकाळी कानांच्या टोकांशी आणि बोटांमध्ये दिसतील तेवढे गोचीड चिमट्याने काढायचे, एवढंच हातात होतं. गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही, आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. रॉकेल चोळायचा सल्ला आम्हाला निदान पाच घरांतून मिळाला. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं की विषबाधा होते.

10 तारखेला पुन्हा रक्त, या वेळी फक्त प्लेटलेट, 400 रुपये. दोन लाखांच्या वर गेल्या होत्या. 12 मार्च, होळीच्या आदल्या दिवशीची वेळ मिळाली.

आदल्या रात्री नऊनंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. दवाखान्यात गेल्यावर संमतीपत्रावर सही. त्यात लिहिलेलं असतं की भुलीत धोका असतो, जिवालाही. ते वाचून माझा हात थांबला. कुत्रं आपलं नव्हे, आत्याचं, आणि ती तिकडे वॉकर धरून चालायला शिकतेय. मी बाहेर येऊन तिला फोन लावला. ती म्हणाली, "सही करी दे वं माय, त्याले मोकळं व्हवू दे." मग केली.

मला आत थांबू दिलं नाही, पण दाराच्या काचेतून दिसत होतं. 10 नंबरचं ब्लेड, कातडीलगत, जटेच्या खालून सरकवत. दर थोड्या वेळाने डॉक्टर मशीन स्वतःच्या मनगटाला लावून बघायचे, तापलं असेल तर दुसरं ब्लेड. केस झडत नव्हतेच, पाठीवरचा अख्खा थर एकसंध सुटत आला, घोंगडीचा तुकडा फाडून काढावा तसा. त्याच्या आतल्या बाजूला गोखरू, वाळकी कुसळं, मेलेले गोचीड. वास असा की सहायकाने खिडकी उघडली. आणि गळ्यापाशी मशीन थांबलं. डॉक्टरांनी मला आत बोलावून दाखवलं. काळा दोरा. आत्याने नजर लागू नये म्हणून कधीतरी बांधलेला, केसांखाली इतका गडप झालेला की तो तिथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. खाली गळ्याभोवती लालभडक ओली रेघ पडली होती. त्यांनी तो वाकड्या टोकाच्या कात्रीने कापला. पट्टा, दोरा, घंटी, जे काही गळ्यात असेल ते रात्री काढून ठेवत जा आणि त्याखाली बोट फिरवत जा. लांब केसांत सगळ्यात आधी जट धरते ती तिथेच.

सव्वादोन तास लागले. खर्च 3,200. निघालेल्या केसांचं वजन साडेतीनशे ग्रॅम भरलं. खाली निघालेलं कुत्रं निम्म्या आकाराचं होतं.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहिते. कानांवरच्या जड जटा निघाल्या की कुत्र्याला कान एकदम हलके लागतात आणि ते डोकं जोरजोरात झटकतं. त्या झटकण्याने कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही कान सैल पट्टीने डोक्याला बांधून दिले, दोन दिवसांसाठी. घरी आल्यावर तो पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. मुलाने हसू आवरलं नाही. त्याला दोष देत नाही, तो खरंच धुळवडीच्या सोंगासारखा दिसत होता. धुळवडीला त्याला घरातच ठेवलं, दारं लावून. ताज्या भादरलेल्या कातडीवर रंग पडला तर पुन्हा दवाखाना.

आत्याला फोटो पाठवले. तिचा पहिला प्रश्न: "त्याना दोरा कसाले काढा? नजर लागी जाई त्याले." (दोरा का काढला, नजर लागेल त्याला.) गळ्यावरची रेघ फोटोत दाखवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पायात बांध. पायातही नाही बांधला. त्याच्या झोपायच्या पेटीच्या खिळ्याला बांधून ठेवलाय, तेवढ्यावर तडजोड झाली.

कातडीवर टेप चिकटवून ती मायक्रोस्कोपखाली बघितली तेव्हा यीस्ट, म्हणजे एक बुरशी, निघालं, तो आंबूस वास त्याचाच. उपाय म्हणजे क्लोरहेक्सिडीन आणि कीटोकोनाझोलचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. 200 मिलीची बाटली 520 रुपयांना. हा शॅम्पू लावून दहा मिनिटं ठेवावा लागतो, नाहीतर त्याचा उपयोग नाही. दहा मिनिटं ओलं, साबणाने माखलेलं, चिडलेलं कुत्रं धरून बसणं हे किती लांब असतं ते केल्याशिवाय कळत नाही. मोबाइलवर गजर लावायचा आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचे बारीक तुकडे हाताशी ठेवायचे. शेव, ठेचा, कांदा-लसणाचं काही द्यायचं नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षं आणि मनुकेही नकोत. आपला शॅम्पू, साबण, डेटॉल यांतलं काही वापरायचं नाही. कुत्र्याच्या कातडीचा सामू (pH) आपल्यापेक्षा वेगळा, जवळपास उदासीन असतो, आपल्या साबणाने ती कोरडी पडते आणि खाज वाढते.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. आठवड्यातून दोन आंघोळी ऐकून सासूबाईंनी टाकीकडे बघितलं. मी बसवलेली पद्धत अशी: शॅम्पू एका जुन्या बाटलीत पाण्यात आधीच मिसळून घ्यायचा, म्हणजे तो केसांत पसरतो आणि कमी लागतो. भिजवायला अर्धी बादली, धुवायला दीड बादली. मग्ग्याने वरून ओतण्यापेक्षा मग्गा अंगाला लावून केसांतून पाणी सोडायचं, कमी पाण्यात जास्त निघतं. आमचं बोअरचं पाणी जड आहे, साबण लवकर सुटत नाही, म्हणून शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा. कानात जाऊ नये म्हणून कापसाचे बोळे, आणि ते आठवणीने काढायचे. पुसताना चोळायचं नाही, चोळलं की गुंता. जुन्या सुती साडीत गुंडाळून दाबून पाणी टिपायचं.

होळीपर्यंतचा हिशेब साधारण आठ हजारांचा झाला. तीन वेळची रिक्षाच त्यात 2,100.

एप्रिलमध्ये यीस्ट गेलं, रेबीजची लस झाली, पुस्तकावर माझं नाव लागलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, 30 एप्रिलला, केस बोटभर उंचीचे झाले होते. आणि उन्हाळा भरात. आता जो येईल तो म्हणायचा, "चांगला भादरला होता, पुन्हा भादरून टाका, केवढं ऊन आहे." मलाही ते पटण्यासारखं वाटलं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं असं की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी उष्णता धापेने बाहेर जाते. केस काढून त्याला वारा लागेल ही आपली समजूत. मोकळा, गुंता नसलेला केस उन्हाला अडवतो, भादरलेली कातडी उन्हाने भाजते. ल्हासाचे केस वाढत राहतात, त्याला दोन-तीन बोटांचा कट चालतो. पण पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांना मशीनने कातडीलगत भादरू नका. त्यांचे केस पुढे ठिगळांसारखे येतात, कधी कधी नीट येतच नाहीत.

म्हणून उन्हाळा कुलरसमोर काढला. फिरणं पहाटे साडेपाचला, नाहीतर रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघायची. आपल्याला पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

फणी सुरू करण्यासाठी मी हेच बोटभर केसांचे दिवस निवडले. गुंता नसताना सुरुवात केली की कुत्र्याला फणी म्हणजे दुखणं असं वाटत नाही. सामान दोनच: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, 380 रुपये, आणि एका बाजूला विरळ, दुसऱ्या बाजूला दाट दात्यांची स्टीलची फणी, 250 रुपये. ब्रश घेताना स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा उठला तर तो ठेवून द्या, दुसरा मागा.

भुऱ्याला ओट्यावर कुशीवर झोपवते. खालून सुरुवात करायची, पोटाच्या कडेपासून. डाव्या हाताच्या तळव्याने वरचे केस उलटे दाबून धरायचे, म्हणजे खाली कातडीची एक पांढरी रेघ दिसते, भांग पाडल्यासारखी. त्या रेघेतून थोडे थोडे केस खाली सोडत ब्रश फिरवायचा. तेवढे मोकळे झाले की तळवा अर्धं बोट वर. अशा ओळी करत पाठीच्या कण्यापर्यंत. वरवरून ब्रश मारला की कुत्रं फोटोत छान दिसतं आणि आतला थर जमत राहतो. शेवटी फणी. कातडीपासून टोकापर्यंत ती कुठेही न अडकता निघाली तर झालं. अडकली तर तिथे पुन्हा ब्रश. केस ठणठणीत कोरडे असतील तर तुटतात, म्हणून आधी स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा. पाण्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचे दोन-चार थेंब. खोबरेल मात्र लावू नका, आपल्याकडची धूळ त्यावर बसते आणि चाटण्यात निम्मं तेल पोटात जातं.

छोटी गाठ सापडली तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं. गाठीचं मूळ कातडीलगत दोन बोटांत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ त्याला लागत नाही, आणि टोकाकडून बोटांनी फोड करत यायचं. सुपारीएवढी झाली असेल आणि फुटत नसेल तर कातडी आणि गाठ यांच्यात फणी आडवी सरकवून, फणीच्या वरून कापायचं. फणी आत जातच नसेल तर हात लावायचा नाही, ग्रूमरकडे.

रोज दहा-बारा मिनिटं, एका दिवशी एकच भाग: सोमवारी डावी कूस, मंगळवारी उजवी, असं. बगला, कानांमागे आणि शेपटीचं मूळ मात्र रोज. त्याने दात दाखवले की थांबायचं, पण त्याने सुटका करून घेतली असं त्याला वाटता कामा नये. ब्रशचा एक हलका हात फिरवायचा, तुकडा द्यायचा, मग सोडायचं. जूनपर्यंत तो ब्रश बघून स्वतःच ओट्यावर चढायला लागला. तुकड्यासाठी, हे उघड आहे.

पावसाळा वेगळाच प्रकार. काळी माती पंजांच्या केसांत बसली की वाळून तिचे खडे होतात. दर वेळी आंघोळ घालायची गरज नाही. एका मग्ग्यात पाणी, एकेक पाय बुडवून बोटं फाकवून धुवायचा, पुसायचा, वाळला की फणी. अंगावर चिखल असेल तर तो वाळू द्यायचा, वाळला की झडतो. ओला केस विंचरायला जाल तर चिखल आणि गुंता दोन्ही वाढतात. भिजून आला तर मात्र कातडीपर्यंत वाळवणं आवश्यक. वरून सुकलेला, आतून दमट राहिला की एका रात्रीत लाल ओला चट्टा उठतो. हेअर ड्रायर थंड हवेवर, हातभर लांबून. गोचिडांसाठी महिनाभर चालणारी गोळी, वजनाप्रमाणे, साधारण 750 रुपयांना. ही डॉक्टरांना विचारूनच. आणि घरातल्या भिंतींच्या फटी, ओट्याचे कोपरेही साफ करा. तपकिरी गोचीड कुत्र्यावरून उतरून तिथे अंडी घालतो, हजारांनी.

पोळ्यानंतर, 22 ऑगस्टच्या पुढे, गवत वाळायला लागलं आणि कुसळं सुरू झाली. कुसळी गवताचं कुसळ ओल लागली की पीळ उलगडत स्वतःभोवती फिरतं आणि टोकाने आत शिरत जातं, मागे येत नाही. सप्टेंबरच्या शेवटी भुऱ्या पुढचा उजवा पंजा एकसारखा चाटायला लागला. दोन बोटांमध्ये फोड दिसला. डॉक्टरांनी दाबून त्यातून जवळजवळ सेंटिमीटरभर कुसळ काढलं. 400 रुपये आणि पाच दिवस मलम. तेव्हापासून पंजांखालचे आणि बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीबरोबर कापते आणि फिरून आलं की बोटं, बगला, कान बघितल्याशिवाय आत घेत नाही. कुत्रं एकाएकी एका बाजूला मान वाकडी करून डोकं झटकायला लागलं तर कानात कुसळ असण्याची शक्यता धरा. थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, त्या दुसऱ्या ग्रूमिंगवालीकडे नेलं. केस तेव्हा चार बोटं. तिने फणी घातली, मानेपासून शेपटीपर्यंत एकदा फिरवली आणि म्हणाली, "गाठ काढायचे पैसे लागणार नाहीत." आंघोळ, नखं, डोळ्यांपुढचे केस आणि दोन इंचांचा कट मिळून 900. गाठी असत्या तर तासावर वेगळे लागले असते. नखं कापायचं मी अजून तिच्याकडेच ठेवलंय. भुऱ्याची नखं काळी आहेत, आतली रक्ताची शीर दिसत नाही. घरी कापणाऱ्यांनी टोकाचा एवढासाच भाग घ्यावा आणि रक्त आलंच तर दाबायला तुरटीची पूड जवळ ठेवावी.

आंघोळ आता तीन आठवड्यांतून एकदा, ज्या दिवशी नळाला पाणी असेल त्या दिवशी, आणि आदल्या संध्याकाळी पूर्ण विंचरून झाल्याशिवाय नाही. पुढचा कट फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांगून ठेवलाय. मार्च उजाडला की ग्रूमिंगवालीकडे रांग लागते, सगळ्यांना तेव्हाच उन्हाळा आठवतो. जळगाव-भुसावळकडच्या कोणाला तारीख हवी असेल तर संक्रांत झाली की तिला फोन करा.